मुलाचा पाचवा वाढदिवस घरी करायचाय, थीम कोणती ठेवू?

ओली_भेळ
नमस्कार मंडळी. लेकाचा पाचवा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. गेल्या वर्षी एका मॉलमधल्या प्ले झोनमध्ये केला होता. ताटामागे पैसे, दोन तासांची मुदत आणि अस्वलाच्या वेषातला एक माणूस. अस्वल आत आल्याबरोबर आमचं ध्यान टेबलाखाली गेलं, ते केक कापायलाही बाहेर येईना. शेवटी केक टेबलाखाली नेला. तेव्हाच ठरवलं, पुढचा वाढदिवस घरी.

घर पुण्यात, टू बीएचके. हॉल साधारण 16 बाय 11 चा, सोफा बेडरूममध्ये ढकलता येतो. मुलं 12, वय 4 ते 7. निम्म्यांच्या आया थांबतील. शनिवारी संध्याकाळी 5 ते 7:30. बजेट सगळं मिळून 6000, वर एक रुपया नाही.

नवरा म्हणतो स्पेस थीम कर, तयार किट मागवू, रॉकेट आणि चांदण्या येतात त्यात. मी म्हणते जंगल, कारण शाळेच्या गॅदरिंगमधला हिरवा क्रेप कागद माझ्याकडे पडून आहे. सासूबाई म्हणतात थीम कसली घेऊन बसलीस, शिरा कर, औक्षण कर, पोरं खेळतील आपली आपण. लेकाला विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या तोंडी एकच शब्द, एसटी. दर रविवारी आजोबांबरोबर स्वारगेटला जाऊन तासभर गाड्या बघतो. घरी डायनिंगच्या खुर्च्या एकामागे एक लावून "चला भोर, भोर, भोर" चालू असतं. पण एसटी ही काय थीम झाली का? तिचं किट कुठे मिळतं?

तर स्पेस की जंगल? खेळ, खाणं आणि रिटर्न गिफ्टबद्दलही सुचवा. प्लॅस्टिकची खेळणी नकोत.

गवती_चहा
स्पेस. भिंतीला निळा-काळा कागद, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या, दिवे बंद. काम फत्ते. फक्त त्या चांदण्या नंतर निघत नाहीत. आमच्या छताला 3 वर्षं झाली. नवरा अजून झोपताना सप्तर्षी शोधतो.

मी_पेणची
जंगल कर. मार्केट यार्डातून केळीची पानं आण, दोन झावळ्या आण. झावळ्यांत मुंग्या असतात, आदल्या दिवशी झटकून गॅलरीत उभ्या कर.

तिसरी_घंटा
ओली भेळ, उत्तर तूच लिहिलंयस आणि वर आम्हाला भलतेच दोन पर्याय देऊन कौल मागतेयस. पोरगं "भोर, भोर" ओरडतंय आणि तू त्याला चंद्रावर धाडतेस?

सुपारी_शेठ
तिसरी घंटा +1. किट मिळत नाही हाच तर तिचा मोठा गुण.

भुईनळा
+1. मीही येतो. वय 41 चालेल का?

ओली_भेळ
अहो थांबा थांबा. सजावट काय करू? लाल पताका लावू? आणि खरं सांगते, सोसायटीत गेल्याच महिन्यात युनिकॉर्नवाला वाढदिवस झाला. फुग्यांची कमान दारापासून लिफ्टपर्यंत होती, आत शिरायला वाकून जावं लागलं. तिथे मी एसटी म्हटलं की लोक म्हणतील, यांचे पैसे संपले वाटतं.

उंटावरचा_शहाणा
लेकाला 5 वर्षं पूर्ण होतायत ना? एसटीत 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. 5 पूर्ण झाली की 12 पर्यंत अर्धं तिकीट. म्हणजे या वाढदिवसापासून तुमचा मुलगा पहिल्यांदा हक्काचा प्रवासी होणार. एवढं जुळून आलेलं निमित्त सोडून रॉकेट? आमंत्रण तिकिटाच्या आकाराचं करा, वर मोठ्या अक्षरांत "आजपासून अर्धं तिकीट", खाली तारीख, वेळ, फ्लॅट नंबर. बास.

जाता जाता, एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हा पुण्याच्या पोराला हा मान आहेच.

ओली_भेळ
अर्धं तिकीट!!! हे मला का नाही सुचलं? ठरलं. एसटीच. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

सुपारी_शेठ
आता हिशोब करू. मुलं अर्धं. आया अर्धं, 2023 पासून बायकांना निम्मं भाडं आहे. आजी-आजोबा 65 ते 75 मध्ये असतील तर अर्धं, 75 च्या पुढे फुकट. म्हणजे अख्ख्या पार्टीत पूर्ण तिकीट एकट्या बाबाचं.

भुईनळा
आमच्या घरी रोजच हा दर असतो.

सदाशिव_मेट्रिक
रागावू नका, पण हे थीमचं खूळ आलं कुठून? आमच्या लहानपणी आई बटाटेवडे करायची, ताटलीत चार वेफर्स, केकचा चौकोनी तुकडा, जाताना हातात एक पेन्सिल. सगळे खूश. आता पाच वर्षांच्या पोरासाठी आईबाप महिनाभर प्रोजेक्ट करत बसतात. वाढदिवस पोराचा आणि हौस यांची.

गवती_चहा
मेट्रिककाका, ते चार वेफर्स आईने उन्हाळ्यात गच्चीवर बटाटे किसून, वाळवून, डब्यात भरून ठेवलेले असायचे. कष्ट तेव्हाही होते, फक्त पोस्ट टाकलेली नसायची.

सदाशिव_मेट्रिक
बरोबर आहे. वेफर्सचा मुद्दा मागे घेतो. पेन्सिलीचा नाही.

अबोली22
काकांचं अगदीच चूक नाही हं. आमच्या सोसायटीत रिटर्न गिफ्टची चढाओढ इतकी वाढली की एकीने टिफिनचा डबा दिला, दुसरीने बॅग दिली, तिसरीने टेबल लॅम्प. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, त्यांचा वाढदिवस चांगला होता, लॅम्प मिळाला. कोणाचा होता विचारलं तर नाव आठवेना. मग आम्ही 9 घरांनी बसून ठरवलं, 100 रुपयांच्या वर जायचं नाही.

सजावटवाल्यांचा पण अनुभव सांगते. 5 ची पार्टी, तो उगवला पावणेपाचला. पंप विसरलेला. मी, नवरा, दीर आणि वॉचमन असे चौघे तोंडाने फुगे फुगवत होतो. पहिली पाहुणी आली तेव्हा मला चक्कर येत होती. घरीच करा.

परदेशी_पाटील
इथे न्यू जर्सीत आमच्या धाकट्याला कचऱ्याच्या गाडीचं वेड होतं. दर मंगळवारी पहाटे खिडकीत उभा. चौथ्या वाढदिवसाला तीच थीम केली. नातेवाईकांना व्हिडिओ कॉलवर सांगताना आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण सगळ्यात हिट खेळ कोणता ठरला सांगू? जुन्या कागदांचे 200 बोळे करून घरभर टाकले, पोरांना दोन गटांत वाटलं, निळा डबा आणि हिरवा डबा. साडेचार मिनिटांत घर साफ. तुम्ही शेवटी "गाडी डेपोत आली, झाडून घ्या" म्हणून हाच खेळ ठेवा.

ओली_भेळ
पाटील, हा खेळ फिक्स. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मी ड्रायव्हर होणार असेन तर हो." खाकी शर्ट शोधतोय.

मुक्कामी_गाडी
एरवी मी नुसता वाचतो, आज लिहितोय. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, 31 वर्षं. गाडी मुक्कामी असली की रात्री कुठल्यातरी गावात, पहाटे तिथूनच परत. माझ्या वाढदिवसाला ते घरी असल्याचं एकदाच आठवतं, आणि त्या दिवशीही दुपारभर झोपले होते. आम्ही पोरं घरात कुजबुजत केक खात होतो.

काही तपशील देतो. तुमचा मुलगा दर रविवारी स्टँडवर जातो म्हणजे चूक लगेच पकडेल.

मशीन येण्याआधी कंडक्टरकडे तिकिटांचा ट्रे असायचा. वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. तिकीट फाडायचं, पंचने भोक पाडायचं. पंच कधी गप्प नसायचा, माणूस नुसता उभा असला तरी टिकटिक चालू. वडील घरी जेवताना डावा अंगठा तसाच हलवायचे. आई म्हणायची, "अहो, इथे कोणी उतरायचं नाहीये." तुम्ही ऑफिसातला एका भोकाचा पंच घ्या, स्टेशनरीवाल्याकडे 60-70 रुपयांत मिळतो. तिकिटांना रंगीत झेरॉक्सचा कागद वापरा. घोटीव कागद पंचमध्ये फाटतो.

खांद्याला चामड्याची बॅग, छातीवर बिल्ला. बिल्ला पुठ्ठ्याचा करून पिन लावा. थोडं लिहितावाचता येणारी 6-7 वर्षांची मुलं असतील त्यांना वेबिल द्या, म्हणजे किती तिकिटं फाडली त्याचा कागद. मोठी पोरं त्यात गुंतली की लहानांना ढकलत नाहीत.

बेल. छताला दोरी बांधा, टोकाला घंटा. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, बेल हवीच.

खिडकीच्या वर पाट्या लिहा: "महिलांसाठी राखीव", "हात व डोके खिडकीबाहेर काढू नये", "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग".

आणि नंबर प्लेटवर एमएच 12 लिहायचा मोह टाळा. एसटीच्या गाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जायच्या, म्हणून कुठल्याही डेपोत गेलात तरी एमएच 14, एमएच 20, एमएच 40 याच पाट्या जास्त दिसतात. कोल्हापूरच्या गाडीवर एमएच 09 शोधणारे पाहुणे मी पाहिलेत.

तिसरी_घंटा
मुक्कामी गाडी, "अहो, इथे कोणी उतरायचं नाहीये" वाचून हसले आणि मग एकदम गप्प झाले.

ओली_भेळ
तुमची पोस्ट लेकाला वाचून दाखवली. नंबर प्लेटपाशी म्हणाला, "हे काका बरोबर आहेत." त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे समजा पदवी मिळाली.

लोणी_साखर
केकचं मी सांगते, ठाण्यात घरगुती ऑर्डरी घेते. लाल क्रीम ही सगळ्यात खोडील गोष्ट आहे. पातळ रंग कितीही ओता, गुलाबीच होतं. आणि जास्त ओतला की कडू लागतं. जेल रंग घ्या, बटरक्रीममध्ये आदल्या दिवशी मिसळून झाकून ठेवा. रात्रीतून रंग आपोआप गडद होतो. त्यात चमचाभर कोको घातला तर कमी रंगात भागतं. सगळा केक लाल करू नका. बाजू लाल, मधे पिवळा पट्टा, टप पांढरं. नाहीतर पोरांच्या जिभा दोन दिवस लाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आयांचे घाबरून फोन.

आकारासाठी ब्रेडच्या टिनमध्ये दोन केक करा, एकामागे एक जोडा, पण आधी फ्रिजमध्ये 2 तास गार करा, मग कापा. गरम केक कापलात तर अपघातग्रस्त गाडी होते. चाकं क्रीमच्या काळ्या बिस्किटांची. खिडक्यांना पांढऱ्या चॉकलेटचे चौकोन. अंडं कोणाला चालत नाही ते आधी विचारा, आणि मुलांत कोणी जैन असेल तर बटाट्याचंही विचारा, ते ऐनवेळी कळतं.

उंटावरचा_शहाणा
लाल एवढं त्रासाचं असेल तर निळा करा. 1948 ची ती पहिली गाडी लाल नव्हतीच, निळी आणि टप रुपेरी होतं.

भुईनळा
शहाणे, तुम्ही लग्नातही असंच काही सांगता का?

ओली_भेळ
त्याला विचारलं. म्हणाला, "निळी म्हणजे बिघडलेली."

खडीसाखर
मी मुलांची डॉक्टर आहे, म्हणून जरा मोडता घालते. चार गोष्टी.

रस्त्यावर विकतात त्या तरंगणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो. मेणबत्तीजवळ गेला की भडका. हवेचेच फुगे लावा. तो पांढरा फेसाचा स्प्रे पण अजिबात आणू नका, पेटत्या मेणबत्तीवर उडाला की तोही पेट घेतो, चेहरे भाजलेली मुलं आमच्याकडे येतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलं तोंडात घालतात आणि ते घशात चिकटतं.

चौथी: कोणीतरी आता "एसटीत खारे दाणे हवेतच" म्हणणार आहे. अख्खे शेंगदाणे 4-5 वर्षांच्या मुलांना पळताखेळताना देऊ नका. श्वासनलिकेत गेलेला दाणा काढायला भूल द्यावी लागते.

सुपारी_शेठ
मी खरंच "खारे दाणे" टाइप करत होतो. खोडलं.

मी_पेणची
मग कुरमुऱ्यांची भेळ, कागदाच्या कोनात. भेळेचं नाव घेऊन बसलीयस, भेळ नको का?

गवती_चहा
एसटी म्हटलं की मला द्रोणातली करवंदं आठवतात. उन्हाळ्यात कोकणात जाताना घाटात गाडी थांबली की बायका टोपल्या घेऊन खिडकीखाली यायच्या. द्रोण वर द्यायचा, पैसे खाली टाकायचे.

अबोली22
मला आठवतो तो आलेपाक. आणि काकडीची फोड, तिखट-मीठ लावलेली.

सुपारी_शेठ
मला आठवते पिशवी. कशेडी घाट. आई हातात लिंबू द्यायची, हुंगत राहा म्हणायची. मी हुंगायचो आणि तरी.

भुईनळा
ओली भेळ, रिटर्न गिफ्टचा प्रश्न सुटला. एक लिंबू आणि एक पिशवी.

खडीसाखर
भुईनळा 😄 वैद्यकीयदृष्ट्या पिशवीचा उपयोग लिंबापेक्षा जास्त आहे.

तिसरी_घंटा
खेळ कोणीच सांगत नाहीये, सगळे खाण्यात. मी माँटेसरीत शिकवते, तेव्हा ऐका. 5 वर्षांची मुलं एका खेळात 10 मिनिटांच्या वर टिकत नाहीत, आणि बाद होणारा खेळ ठेवलात की दर 2 मिनिटांनी एक रडणारं पोर. संगीत खुर्ची म्हणूनच नको.

रुमाल टाकणे. प्रत्येकाला एक रुमाल. गाडी फलाटावर लागली की बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची. ज्याचा रुमाल जिथे पडेल तिथे तो बसेल. कोणी बाद नाही.

बेलचा खेळ. दोन टोले, सगळे पळा. एक टोला, जिथे असाल तिथे पुतळा.

घाट. ड्रायव्हर ओरडणार "डावीकडे वळण", सगळे उजवीकडे कलणार. मुलं नक्की चुकणार, मजा त्यातच आहे.

सुट्टे पैसे. चॉकलेटची नाणी द्यायची, कंडक्टर म्हणणार "सुट्टे नाहीत, उतरताना घ्या." 6-7 च्या मुलांना हिशोब करू दे.

आणि वाढदिवसाच्या दिवशी सकाळी त्याला खऱ्या एसटीतून फिरवून आण. स्वारगेटहून जवळचं कुठलंतरी गाव, जा आणि ये. पहिलं अर्धं तिकीट पुठ्ठ्याच्या गाडीत का काढायचं?

मी_पेणची
ताई, "उतरताना घ्या" हा खेळ होय? माझे 1998 चे 7 रुपये अजून यायचेत.

सदाशिव_मेट्रिक
मी थीमच्या विरोधात आहे, हे पुन्हा नोंदवतो. पण गाडी करायचीच असेल तर खोकं फ्रिजचं घ्या, वॉशिंग मशीनचं नको. फ्रिजचं लांब मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शुक्रवारी विचारा, शनिवार-रविवारी डिलिव्हरी करून खोकी परत येतात. तपकिरी पुठ्ठ्यावर लाल पोस्टर कलर थेट मारलात तर विटकरी दिसेल. आधी पांढरा हात द्या. कोपऱ्यांना आतून खाकी टेप, दोन थर.

तिसरी_घंटा
विरोध फारच सविस्तर आहे.

सदाशिव_मेट्रिक
नातवासाठी रणगाडा केला होता. थीम नव्हती ती. रणगाडा होता.

ओली_भेळ
तीन आठवडे गायब होते, माफ करा. काल झाला वाढदिवस. वृत्तांत देते, सोफा अजून बेडरूममध्येच आहे आणि मी त्याच्यावरच बसलेय.

आधी सकाळ. आम्ही दोघंच, स्वारगेटहून सासवड. खिडकी त्याला. दिवे घाटात तो एकदम गप्प झाला, मला वाटलं लागतेय की काय (लिंबू नेलं होतं, सुपारी शेठ). पण तो ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते बघत होता. कंडक्टरने विचारलं, "केवढा आहे?" मी तोंड उघडायच्या आत हा ओरडला, "आज पाच पूर्ण!" कंडक्टर म्हणाले, "कालपर्यंत फुकट होतास की रे, एक दिवस आधी यायचंस." मशीनमधून तिकीट निघालं. माझं अर्धं, त्याचं अर्धं. त्याने माझं तिकीट मला दिलं आणि स्वतःचं मुठीत धरलं, ते परत घरी येईपर्यंत सोडलं नाही. वडापाव खातानाही एकाच हाताने खाल्ला.

आता संध्याकाळ. फ्रिजची दोन खोकी मिळाली, मेट्रिककाका, शुक्रवारीच आणि फुकट. पांढरा हात दिला, मग लाल, आणि मधे पिवळा पट्टा. बाजूच्या दोन भिंती उभ्या केल्या, आत खुर्च्या जोडीजोडीने. पुढे पाटी: "घर-शाळा-आजोळ, मार्गे बाग". भिंतीवर "फलाट क्र. 5". नंबर प्लेट एमएच 20. घंटेवरून घरात वाद झाला, सासूबाई म्हणाल्या देवाची घंटा मिळणार नाही. मग संध्याकाळी 4 ला स्वतःच माळ्यावरचा डबा काढायला लावला आणि त्यातून माहेरच्या गायीच्या गळ्यातली घंटा काढली. आवाज असा की खालच्या मजल्यावरचे विचारायला आले.

केक गुलाबी झाला. लोणी साखर, मी पातळ रंग घातला, ऐकलं नाही तुझं. त्याने केककडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कोणत्या डेपोची?" नवरा म्हणाला, "नवीन आहे, अजून रंग बसायचाय." खपून गेलं.

रुमालाचा खेळ सगळ्यात भारी. बारा पोरांनी एकदम बारा रुमाल टाकले आणि हुबेहूब एसटी झाली. चार वर्षांचं एक पिल्लू दुसऱ्याच्या रुमालावर बसलं आणि म्हणालं, "मी आधीपासून इथेच होतो." थांबलेल्या आया अशा हसल्या की एकीचा चहा सांडला. आमच्याकडे पोळ्या करतात त्या मावशींची नात 7 वर्षांची, तिला कंडक्टर केलं होतं. तिने वेबिल घेतलं ते शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. नवऱ्याला म्हणाली, "ड्रायव्हर, मी बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही."

आणि मग घाट. "डावीकडे वळण" म्हटल्यावर अर्धी डावीकडे गेली, अर्धी उजवीकडे, आणि उजवी बाजू बुडापासून फाटून आडवी झाली. टेपचा एकच थर दिला होता, काका. सव्वासहा वाजले होते. सगळे गप्प. मी बघतेय, याचा खालचा ओठ पुढे यायला लागलेला. मला वाटलं, संपलं, आता टेबलाखाली. तर हा गाडीतून उतरला, आडव्या भिंतीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बंद पडली. सगळे खाली उतरा, मागून दुसरी गाडी येतेय."

आणि सगळी उतरली! रुमाल, तिकिटं, पुठ्ठ्याच्या पेट्या घेऊन भिंतीकडेला रांगेत उभी राहिली. दुसरी गाडी कुठून आणू मी? खाण्याचा थांबा साडेसहाचा ठरलेला, वडे अजून तळायचे होते. मग सासूबाईच डोक्यावर टोपली घेऊन आल्या, "भेळ घ्या, भेळऽऽ, काकडी घ्या." पदर खोचलेला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोरांनी चॉकलेटची नाणी दिली, त्या म्हणाल्या, "सुट्टे नाहीत बाळा, उतरताना घे."

दुसरी गाडी आलीच नाही, आणि वीस मिनिटं कोणी विचारलंही नाही. शेवटी कागदाच्या बोळ्यांचा खेळ, घर साफ, पाटील झिंदाबाद. मग औक्षण, शिरा, टाटा.

खर्च: रंग-टेप-कागद 780, केकचं सामान 650, खाणं 1900, दोन पंच 140. रिटर्न गिफ्टला खाकी कापडाच्या खांद्याला लावायच्या छोट्या पिशव्या टेलरकडून शिवून घेतल्या, 110 ला एक, 12 च्या 1320. एकूण 4790.

सुपारी_शेठ
वाट पाहीन पण एसटीनेच जाईन.

लोणी_साखर
पातळ रंग!! 🤦 असू दे. "कोणत्या डेपोची" या वाक्यासाठी माफ.

तिसरी_घंटा
ती दुसरी गाडी अजून येतेय असं समजून पोरं घरी गेली असतील.

सदाशिव_मेट्रिक
दोन थर सांगितले होते. बाकी उत्तम. सासूबाईंना नमस्कार सांगा.

मुक्कामी_गाडी
वाचून बरं वाटलं. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न, त्या मुलीचं वेबिल जुळलं का?

एक महत्त्वाचं. मशीनचं तिकीट थर्मल कागदाचं असतं, काही महिन्यांत कोरं होतं. आजच झेरॉक्स काढून ठेवा. आणि लॅमिनेट करू नका, उष्णतेने पूर्ण काळं पडतं.

ओली_भेळ
बाप रे. लॅमिनेशनला द्यायला पर्समध्येच ठेवलं होतं, थोडक्यात वाचलं. वडिलांना सांगा, 11 तिकिटं फाडली, 12 प्रवासी भरले. एक पोर विनातिकीट होतं, तिने त्याला मोरीच्या दाराशी उतरवलं.

भुईनळा
ती फाटलेली गाडी टाकून दिलीत का? माझा 42 वा 9 तारखेला आहे.